टेबलावरचं स्टेशन

काडेपेटीची आगगाडी केली नाही असा माणूस माझ्या पिढीत शोधूनच काढावा लागेल. रिकाम्या काडेपेट्या दोऱ्याने एकीला एक ओवायच्या, पुढे उदबत्तीच्या पुड्याचं इंजिन लावायचं आणि तोंडाने शिटी देत ती गाडी अंगणभर ओढायची. सोड्याच्या बाटलीच्या बिल्ल्यांची चाकं बसवणारा मुलगा आमच्यात मोठा हुशार समजला जाई. पण एक गोष्ट आता लक्षात येते. आम्ही गाडी करायचो, स्टेशन कधी केलं नाही. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. ते कुठे जाणार आहे, असंच वाटायचं.

असल्याच खेळण्यांतून युरोपात एक मोठा छंद उभा राहिला, आणि त्या छंदातून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, इतिहास जपण्याची एक वेगळीच रीत निघाली. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात जर्मनीतून करावी लागते. गोपिंगेन गावी १८५९ साली सुरू झालेला मेर्कलिन हा पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना. १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत या कारखान्याने ठरावीक मापांच्या रुळांवर धावणारी, चावीची आगगाडी मांडली. आज डबा घ्या, पुढच्या वर्षी सांधा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी पूल घ्या. सगळं एकमेकांना जुळणार. खेळणं वाढत जाऊ शकतं, ही कल्पना तिथे रुजली. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी १९२२ साली न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून बनवून घेतलेली, जेवणाच्या टेबलावर मावेल इतकी लहान रेल्वे बाजारात आणली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या चावीच्या गाड्या १९२० पासून मिळत होत्या. १९३८ मध्ये त्यांच्या कंपनीनेही टेबलाच्या मापाची गाडी काढली.

या टेबलाच्या मापात एक गंमत आहे. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्या हिशेबाने मोठ्या गाडीच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर येतं, आणि ते बरोबर आहे. पण इंग्लंडची खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान. त्या मापात केलं तर पोटात मोटर मावेना. मग इंग्रजांनी इंजिन थोडं मोठं केलं, फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे शहात्तरावा भाग. रूळ मात्र तेच साडेसोळाचे ठेवले. खरं तर ते १८.८३ मिलिमीटर हवेत. त्यामुळे दुकानातून आणलेली इंग्लिश गाडी समोरून पाहिली, की धिप्पाड माणसाने अरुंद वहाणा घातल्यासारखी दिसते. या दोन-सव्वादोन मिलिमीटरवरून तिथले छंदी लोक अनेक वर्षं हमरीतुमरीवर येत आले आहेत, आणि काहींनी एकेका इंजिनाची चाकं सोडवून रुंद करून घेतली आहेत.

इथे खेळणं संपतं आणि प्रतिकृती सुरू होते. डबे आणि वाघिणी करणाऱ्याला तसे कागद मिळतात. रेल्वे हा कागद जपणारा कारभार. स्विंडन, डर्बी, क्रू इथल्या मोठ्या कारखान्यांत प्रत्येक इंजिनाचे, डब्याचे, वाघिणीचे नकाशे तयार होत. त्यांतले कितीतरी जपून ठेवलेले आहेत. ते समोर ठेवायचे, मापांना शहात्तराने भागायचं आणि कामाला लागायचं. पितळेचा पातळ पत्रा कापून सोल्डर करायचा, किंवा जाड पुठ्ठा घ्यायचा. पत्र्यावर रिबिटांची रांग दाखवायची तर मागच्या बाजूने बोथट सुईने एकेक टिंब दाबायचं, म्हणजे पुढे बारीक पुळी उठते. एका वाघिणीला अशा शंभरेक पुळ्या सहज होतात.

एवढं करूनही एक अडचण उरते. लांबी शहात्तराने भागली की घनफळ शहात्तरच्या घनाने भागलं जातं, म्हणजे सुमारे चार लाख चाळीस हजाराने. साठ टनांचं इंजिन त्या हिशेबाने जेमतेम १३६ ग्रॅमचं होतं, एखाद्या पेरूएवढं. ते रुळावर टिकत नाही, फुंकर मारली तर हलेल असं वाटतं. म्हणून आत शिसं भरतात. रंगाचंही तसंच. खरा डबा ज्या लाल रंगाचा, तोच रंग लहान डब्याला दिला तर तो भडक दिसतो, कारण आपण तो डबा लांबून पाहतोय असं डोळ्याला वाटायला हवं, आणि लांबचे रंग फिके असतात. म्हणून मूळ रंगात थोडा करडा मिसळतात. मग त्यावर कोळशाची काजळी, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची तांबूस धूळ, पावसाचे ओघळ, असा मळ चढवतात. आधी चकचकीत रंगवायचं आणि मग मळवायचं, हे पाहून घरातली बायामाणसं नक्कीच कपाळावर हात मारत असतील.

तर गाडी जमली. पण ती धावणार कशातून? सुरुवातीची कितीतरी वर्षं या प्रश्नाकडे फारसं कुणाचं लक्षच नव्हतं. हिरवं कापड अंथरलं की रान झालं, पत्र्याचा रंगवलेला बोगदा ठेवला की डोंगर झाला. इंजिनाचं एकेक रिबीट मोजणारा माणूस स्टेशनच्या बाहेर काय आहे याचा विचार करत नसे.

तो विचार ज्यांनी मनापासून केला त्यांत जॉन अहर्न यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लंडनमधल्या आपल्या घरी 'मॅडर व्हॅली' नावाची एक रेल्वे मांडायला घेतली. नाव काल्पनिक, गावंही काल्पनिक. पण घरं मात्र ठिकठिकाणच्या खऱ्या घरांवरून केलेली. खाडीकाठचं बंदर, गिरणी, गुत्ता, चढावरचा वाकडा रस्ता हे सगळं आधी आणि त्यामधून वाट काढत जाणारी लहानशी गाडी नंतर. अहर्न यांची इंजिनं धुरकट, थकलेली दिसत. घरं कशी बांधावीत यावरचं त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं, आणि रानं, डोंगर, पाणी कसं करावं यावर पुढे आणखी एक. लाकडाच्या चौकटीवर जाळी ताणायची, त्यावर प्लॅस्टर ओतायचं, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचं गवत पेरायचं, तारा पिळून झाडाचं खोड करायचं, ही कामं या छंदात अशाच पुस्तकांतून घरोघर पोहोचली.

अहर्न यांनी मनातलं गाव केलं. पण ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे, तो माणूस याहून पुढे गेला. त्याचं नाव रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, जन्म मात्र ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. रेल्वेचं वेड असलेला हा तरुण १९२५ साली इंग्लंडमध्ये आला आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' नावाच्या खोऱ्यात रमला. खडूच्या दगडाच्या टेकड्या, त्यातल्या एकीच्या उतारावर फार प्राचीन काळी कोरलेला पांढरा घोडा, पायथ्याला गवताने शाकारलेली शेतकऱ्यांची घरं. आला होता रेल्वे पाहायला. नजर लागली ती या घरांवर. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती घरं बदलायला लागली होती. शाकारलेलं छप्पर काढून त्या जागी ॲस्बेस्टॉस चढत होतं, जुन्या भिंती पाडून विटांची सरसकट घरं उभी राहत होती. लोकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला कोरडं घर हवंच असतं. पण हे खोरं आणखी वीस-तीस वर्षांनी ओळखू येणार नाही, हे परक्या मुलखातून आलेल्या या मुलाला दिसलं.

त्याने काय करावं? तो चित्रकार नव्हता, इतिहासकार नव्हता. त्याला रेल्वेच्या प्रतिकृतींची गोडी होती. म्हणून त्याने ठरवलं, की या खोऱ्यातली घरं शहात्तराव्या भागात जशीच्या तशी करून ठेवायची. तो गावोगाव फिरून घरं मोजू लागला. भिंतीची लांबी, खिडकीची उंची, विटांचे थर किती, कुठल्या कोपऱ्यात विटा बदलल्या आहेत, धुराडं कुठल्या बाजूला कललं आहे, परसात कोबी आहे की बटाटा, सगळं. मग पुठ्ठ्यावर वीट न् वीट कोरायची आणि जलरंगाने प्रत्येक विटेला तिचा वेगळा रंग द्यायचा. छप्पर शाकारायला, नळ बसवणारे कारागीर आट्यांवर गुंडाळतात त्या जातीचे तागाचे धागे. खरा शाकारणारा जसा खालून वर थर लावत जातो, तसेच हेही थर लावायचे. एकेका घराला शेकडो तास लागत.

१९५४ साली ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम या खेड्यात त्याने संग्रहालय सुरू केलं. त्याचं नाव पेंडन. हळूहळू स्वयंसेवक जमत गेले. कुणी इंजिनं केली, कुणी झाडं, कुणी शेतातलं पीक. तिथलं 'पेंडन पार्वा' हे गाव नकाशात सापडणार नाही; पण त्यातलं घर न् घर खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात खरोखर उभं होतं. काळ १९२० ते १९३० च्या आसपासचा. त्यानंतरची वस्तू तिथे चालत नाही. ज्याचा पुरावा नाही ते करायचं नाही, हा तिथला शिरस्ता. अहर्न यांच्या मृत्यूनंतर त्यांची मॅडर व्हॅलीही पेंडनमध्येच आली. रॉय इंग्लंड १९९५ साली वारले. काम अजून चालू आहे. ज्यांनी ते खोरं जुन्या रूपात कधी पाहिलंच नाही अशी माणसं त्यांच्या वह्यांतली मापं, जुने फोटो आणि नकाशे पाहून पुढची घरं बांधत आली आहेत.

मला यातला मुद्दा असा दिसतो. वाघिणीचा नकाशा मिळतो, कारण ती बांधताना कुणाला तरी तो काढावाच लागला होता. गावाचा नकाशा कुणी काढलेला नसतो. सरकारी नकाशात घर म्हणजे एक काळा चौकोन. त्याच्या ओट्याची उंची, दाराबाहेरचा रांजण, पत्र्यावर ठेवलेले धोंडे, हे कुणाच्याच दप्तरात नसतं. म्हणून आगगाडीचा इतिहास लिहिला जातो आणि आगगाडी जिथून जात होती त्या जागेचा राहून जातो.

आता इंग्लंडमधूनच आपल्या मुलखात यायचं आहे, आणि त्याला वाट आहे. स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक लहान रेल्वे होती. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. लांबी सव्वाआठ मैल. इंजिनं दोनच, तीही पुढे भंगारात गेली. रूळ उखडून तिथे पायवाट झाली. एवढीशी रेल्वे, पण इंग्लंडमधल्या प्रतिकृती करणाऱ्यांची ती फार लाडकी. पिवळे डबे, इंजिनाला भला मोठा दिवा, एकूण वळणच परदेशी. हे वळण कुठून आलं? तर बार्शीहून.

त्या रेल्वेचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी त्यांनी सुरू केली. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्यांचं सूत्र. त्यामुळे यार्डाला अवघ्या तीस पौंडांच्या हलक्या रुळांवर भरपूर माल ओढता आला. वाघिणींच्या चौकटी पोलादी पत्रा दाबून केलेल्या. पुढे ही लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ साली ती सरकारने घेतली. हेच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या बनवू लागले, हे कळल्यावर मला मोठी मौज वाटली.

या लाईनवरचं एक लहानसं स्टेशन आमचं. स्टेशनाबाहेर माझ्या अब्बांची चहाची टपरी होती. गाडी इतकी सावकाश यायची, की धूर दिसल्यावर आधण ठेवलं तरी चहा वेळेवर होई. आषाढीला टपावरही माणसं बसलेली असायची. अब्बा त्या दिवसांत पहाटेची नमाज पढून जे उभे राहत, ते शेवटचा वारकरी जाईपर्यंत बसत नसत. पुढे २००० नंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्याने सगळी लाईन मोठी झाली. त्याचं दुःख मुळीच नाही. लातूरचा माणूस आज रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतो, हे आमच्या भागाने फार वर्षं मागितलेलं सुख आहे. पण मोठ्या रुळांबरोबर आमचं जुनं स्टेशन गेलं, टपरी त्याआधीच गेली होती, आणि अब्बाही गेले.

काही वर्षांपूर्वी भाच्याबरोबर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. १९९८ साली सुरू झालेलं हे संग्रहालय. दिवे मालवल्यावर त्या गावातल्या खिडक्या उजळतात तेव्हा लहान मुलंच काय, त्यांचे आजोबाही पुढे सरसावतात. बाहेर पडताना भाचा म्हणाला, "मामू, आपण आपलं स्टेशन करू या का?" मी कवी माणूस, खिळा ठोकताना बोट ठोकणारा. पण हो म्हणालो.

माप शहात्तरावंच धरलं. अडीच फुटी रुळांमधलं अंतर त्या मापात नेमकं दहा मिलिमीटर येतं. एक मैल म्हणजे एकवीस मीटर. कुर्डुवाडी ते बार्शी करायचं म्हटलं तर चारशे मीटरहून लांब दालन लागेल. आमच्याकडे होता साडेसहा फुटांचा लाकडी फळा. म्हणजे फलाट, एक सांधा, पाण्याची टाकी आणि टपरी, बस्स. वाघिणींची मापं भाच्याने छापील पुस्तकांतून मिळवली. पुठ्ठ्याची पहिली वाघीण चार रविवारांत उभी राहिली.

टपरीपाशी मात्र गाडी अडली. टपरी किती उंच होती? मी रोज तिथे बसलेलो, आणि मला सांगता येईना. घरात एकच फोटो होता, एका स्टेशन मास्तरांच्या निरोपाचा. त्यात मागे टपरीचा कोपरा. भाचा तो भिंगातून पाहत बसला आणि एकदम म्हणाला, "मामू, हा तेलाचा डबा!" पंधरा किलोचा चौकोनी डबा. त्याची उंची सुमारे चौदा इंच, तेव्हाही आणि आजही. त्यावरून फळीची उंची निघाली. खातरी करायला मोठ्या बहिणीला, आपाला, विचारलं. ती म्हणाली, "मी दहा वर्षांची होते, फळी माझ्या छातीला लागायची. डोकावून साखर मागायचे." मग तिच्याच दहा वर्षांच्या नातीला भिंतीला उभं करून टेप लावली. सव्वातीन फूट. फोटोतल्या डब्याचा हिशेबही तिथेच येत होता. आमच्या फळ्यावर ती फळी तेरा मिलिमीटर उंच आहे.

रुंदी आपानेच सांगितली. उन्हाळ्यात अब्बा आणि चाचा टपरीत झोपत. तिसऱ्याला जागा नसे. म्हणजे चार फुटांच्या आसपास. पत्र्याचा रंग, चुलीची बाजू, कपबशा कुठे पालथ्या घालत, हे तिला सगळं पाठ. मी टपरीवर कविता लिहिली होती, दोन दिवाळी अंकांत ती छापूनही आली. त्या कवितेत यातलं एकही माप नव्हतं.

एका ठिकाणी मात्र आमचं जमलं नाही. टपरीवर सावली धरणारं झाड मला लिंबाचं आठवतं. आपा शपथेवर सांगते, चिंच होती. फोटोत झाड नाही, फक्त सावली आहे. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक लिंब म्हणाला, दुसरा म्हणाला तिथे झाडच नव्हतं. पेंडनचा शिरस्ता आम्हीही पाळला. फळ्यावर त्या जागी खोडापुरतं भोक पाडून ठेवलं आहे. पुरावा मिळेल तेव्हा झाड लावू.

आपल्या गावात अजून जुना पार, जुनी चावडी, गिरणी, एस. टी. स्टँडची शेड, कुणाचं तरी दुकान उभं असेल. पुढल्या रविवारी टेप आणि वही घेऊन तिथे जा. ओट्याची उंची, दाराची रुंदी, पत्र्याची लांबी लिहून काढा. झाड कोणतं तेही लिहा. आणि फोटो घेताना भिंतीला एक फूटपट्टी टेकवून ठेवा. आम्हाला तेलाचा डबा सापडला. प्रत्येकाला सापडेलच असं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)